मोठ्याचा कासरा छोट्याच्या हाती : गॅस रेग्युलेटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी जाळीच्या कुंपणात गॅस कंपनीचं एक ठाणं आहे. संध्याकाळी त्यातून शिट्टीसारखा आवाज येतो, दुपारी तेच अगदी शांत असतं. आत एका मोठ्या लोखंडी धडाच्या डोक्यावर तसाच दिसणारा छोटा रेग्युलेटर बसवलाय आणि त्यातून स्टीलच्या बारीक नळ्या निघाल्यात. आमचे वॉचमन म्हणतात, छोटा म्हणजे स्टेपनी. मोठा बिघडला की तो काम करतो. खरं आहे का? आणि आवाजाची काळजी करावी का?
– एक वाचक

उत्तर : वॉचमननी निरीक्षण चांगलं केलंय, पण छोटा स्टेपनी नाही. मोठ्याला चालवतो तोच. त्याला आम्ही पायलट म्हणतो, आणि दोघांना मिळून पायलट ऑपरेटेड रेग्युलेटर. कुंपणातलं ठाणं म्हणजे डीआरएस, डिस्ट्रिक्ट रेग्युलेटिंग स्टेशन. शहरभर फिरणाऱ्या स्टीलच्या वाहिनीत पंधरा-वीस बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. तो इथे उतरवून ४ बारवर आणतात. पुढे हाच गॅस प्लॅस्टिकच्या नळ्यांतून गल्ल्यांमध्ये जातो, सोसायटीच्या भिंतीवरच्या पेटीत त्याचा दाब १०० मिलीबार होतो आणि तुमच्या ओट्यापर्यंत पोचतो तेव्हा जेमतेम २१ मिलीबार. वीस बारवरून २१ मिलीबार म्हणजे जवळजवळ हजारावा हिस्सा! हे सगळं वीज, मोटर, संगणक काही न वापरता होतं, आणि आयुष्यभर हेच काम करूनही मला त्याचं कौतुक वाटत आलंय.

पायलट कशाला लागतो हे कळायचं तर आधी साधा स्प्रिंगवाला रेग्युलेटर समजून घ्या. गॅस जायचं भोक आणि त्यावरची झडप, झडपेच्या दांड्याला जोडलेला रबरी पडदा, आणि पडद्याला वरून दाबणारी स्प्रिंग, एवढंच त्यात असतं. पडद्याला खालून गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या गॅसचा दाब लागतो. स्प्रिंग झडप उघडायला बघते, गॅस मिटायला बघतो. दोघांचा जोर जिथे सारखा होतो, तो तुम्हाला मिळणारा दाब. गिऱ्हाइकानं जास्त गॅस ओढला की पुढचा दाब घसरतो, पडदा खाली येतो, झडप आणखी उघडते. ओढणं थांबलं की उलट.

यात एक खोट आहे. झडप जास्त उघडायची तर स्प्रिंगला लांब व्हावं लागतं, आणि लांब झालेली स्प्रिंग कमी जोरानं दाबते. म्हणजे दोघांची बरोबरी आता आधीपेक्षा कमी दाबावर होणार. सगळ्या घरांत एकदम कुकर चढले की नेमका तेव्हाच दाब पडणार. याला आम्ही ड्रूप म्हणतो. घरगुती रेग्युलेटरमध्ये तो चालून जातो, कारण शेगडीला दहा टक्के इकडेतिकडे झालं तरी पोळी करपत नाही.

डीआरएसला ते परवडत नाही. हिशेब करून बघा. समजा मोठा पडदा १६ सेंटीमीटर व्यासाचा आहे, म्हणजे सुमारे २०० चौरस सेंटीमीटर. ४ बारला त्यावर आठशे किलोहून जास्त भार येतो. तेवढ्याच जोराची स्प्रिंग बसवायची म्हटली तर ती आवळायलाच पहिलवान लागेल. शिवाय झडप पूर्ण उघडेपर्यंत ती समजा पंधरा टक्के सैल झाली, तर ४ बारचे ३.४ झाले. हजारो घरांच्या जाळ्याला एवढा फरक पेलवत नाही.

म्हणून मोठ्या पडद्यावर स्प्रिंगऐवजी गॅसचाच दाब भरतात. (मोठ्याच्या आत झडप मिटवायला एक हलकी स्प्रिंग असते, तिचं काम वेगळं.) हा भरलेला दाब म्हणजे लोडिंग प्रेशर, आणि तो किती ठेवायचा हे पायलट ठरवतो. पायलट स्वतः एक छोटा स्प्रिंगवाला रेग्युलेटरच असतो, फक्त त्याचा गॅस गिऱ्हाइकाकडे न जाता मोठ्याच्या पडद्यावर जातो. तुम्ही पाहिलेल्या नळ्यांपैकी एक येणाऱ्या वाहिनीतून, फिल्टरमधून, पायलटला गॅस पुरवते. दुसरी पायलटकडून मोठ्याच्या पडद्याकडे जाते. तिसरी पुढच्या पाइपवर बरीच लांब जाऊन जोडलेली दिसेल. ती सेन्सिंग लाइन. पुढे दाब किती आहे हे पायलटला फक्त तिच्यातूनच कळतं. याशिवाय एक बारीक छिद्र असतं, रिस्ट्रिक्शन. त्यातून लोडिंगचा गॅस सतत थोडा थोडा पुढच्या पाइपात सुटत राहतो. ते नसतं तर एकदा भरलेला दाब उतरला नसता आणि झडप मिटली नसती.

आता संध्याकाळी सात वाजता काय होतं बघा. पुढचा दाब ४ बारवरून ३.९८ होतो. ०.०२ बारची ही घसरण सेन्सिंग लाइनमधून पायलटच्या पडद्याला कळते. पायलटची झडप केसभर उघडते आणि लोडिंग प्रेशर वाढू लागतं. चांगल्या पायलटमध्ये ही वाढ मूळ घसरणीच्या वीसपट असू शकते, म्हणजे ०.४ बार. २०० चौरस सेंटीमीटरच्या पडद्यावर त्याचा सुमारे ८० किलोचा जादा जोर पडतो. मोठी झडप हवी तेवढी उघडते. पायलटची स्प्रिंग मात्र जवळजवळ हललेलीच नसते, त्यामुळे ती सैल पडायचा प्रश्न येत नाही. साध्या रेग्युलेटरचा दाब पूर्ण भाराला, म्हणजे गॅसची ओढ सर्वांत जास्त असताना, दहा-वीस टक्के घसरतो, तिथे पायलटवाला एक ते तीन टक्क्यांत राहतो.

गाडी बैलच ओढतात, गाडीवानाच्या हातात फक्त कासरा असतो. इथे ओढण्याचं काम येणाऱ्या गॅसचा दाब करतो. त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या दाबात पुरेसं अंतर नसेल तर पायलट कितीही हुशार असला तरी झडप पूर्ण उघडत नाही. प्रत्येक मॉडेलच्या कागदावर हे किमान अंतर दिलेलं असतं आणि खरेदीच्या वेळी ते वाचायचं राहून जातं. मग उन्हाळ्यात कधी वाहिनीचा दाब उतरला की पायलटच्या नावानं शंख.

आवाजाचं म्हणाल तर तो पायलटचा नाही, मोठ्या झडपेच्या अरुंद जागेतून जाणाऱ्या गॅसचा आहे. निरपेक्ष दाब (म्हणजे हवेचा दाबही धरून मोजलेला) एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या साधारण दुप्पट झाला की त्या जागेत गॅसचा वेग ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतो. वीस बारवरून चारवर येताना तर हे होणारच. जास्त गॅस, जास्त आवाज. म्हणून दुपारी शांतता आणि स्वयंपाकाच्या वेळी शिट्टी. पावसाळ्यात रेग्युलेटरच्या पुढचा पाइप ओला झालेला दिसला तरी घाबरू नका. दर बारला अर्धा अंशाच्या आसपास गॅस थंड होतो, त्यामुळे हवेतलं दव पाइपवर धरतं. भर मध्यरात्री, कोणी गॅस वापरत नसताना तोच आवाज आला किंवा वास आला, तर मात्र गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर लगेच फोन करा. तो कुंपणाच्या पाटीवरच असतो.


प्रश्न : चाकणला आमचा हीट ट्रीटमेंटचा कारखाना आहे. गॅसच्या स्किडवर (एका चौकटीवर बसवलेला रेग्युलेटरचा संच) दोन स्ट्रीम, म्हणजे दोन समांतर ओळी आहेत, दोन्ही पायलटवाल्या, दोन्ही २ बारला सेट आणि दोन्ही चालू. दिवसा तीन भट्ट्या चालतात; रात्रपाळीला एकच असते तेव्हा प्रेशर गेजचा काटा १.८ ते २.२ च्या मधे नाचतो, कधी कधी स्लॅम शटही (दाब मर्यादेबाहेर चढला की गॅस झटक्यात तोडणारी झडप) पडतो. मेंटेनन्सची मुलं सेन्सिंग लाइनवरचा व्हॉल्व्ह निम्मा मिटवून ठेवतात, मग काटा शांत होतो. हे चालेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. आज रात्रीच तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगा, बाकीचं नंतर वाचा.

निम्मा मिटवल्यानं पायलटला खबर उशिरा पोचते आणि नळीतले धक्के बोथट होतात, म्हणून काटा शांत दिसतो. पण भट्टीचा विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. पुढचा दाब चढतोय हे पायलटला कळेपर्यंत तो चढून गेलेला असतो, आणि तुमचा स्लॅम शट पडतो तो त्यामुळेही. त्या निम्म्या मिटलेल्या जागेत स्टीलच्या वाहिनीतली काळी पूड साचली तर गोष्ट आणखी बिघडते. नळी तिथे तुंबते आणि पायलटकडच्या जोडातून गॅस जरासा जरी गळत असला तरी पायलटला वाटतं पुढे दाबच नाही. मग तो झडप उघडत सुटतो.

काटा नाचतो त्याला आम्ही हंटिंग म्हणतो. तुमच्या पत्रातच त्याचं एक कारण लिहिलेलं आहे : दोन्ही स्ट्रीम २ बारला. दोन पायलट एकाच पाइपचा दाब बघतात. एक उघडला की दाब चढतो, म्हणून दुसरा मिटतो. मग दाब उतरतो आणि तो परत उघडतो. दोघं रात्रभर एकमेकांना ढकलत राहतात. एक स्ट्रीम २ बारला ठेवा, दुसरी १.९ ला. रात्री पहिली एकटी काम करेल. दुसरी दिवसा, तिन्ही भट्ट्या लागल्यावर दाब जरा उतरला की आपोआप मदतीला येईल. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच काम होतं.

न झालं तर भार बघा. तिन्ही भट्ट्यांसाठी निवडलेला रेग्युलेटर एका भट्टीला झडप सीटपासून (झडप जिच्यावर टेकते ती भोकाची कड) कागदाएवढी उघडून चालतो. अशा वेळी थोडीशी हालचाल झाली तरी प्रवाह खूप बदलतो आणि कोणताही पायलट गांगरतो. ‘पुढे वाढ होणार आहे’ म्हणून दुप्पट मोठा रेग्युलेटर घेण्याची आपल्याकडे फार हौस. वाढ होईल तेव्हा होईल, तोवर काटा नाचतोय. त्या मापाच्या धडात छोटी सीट बसवता येते का, हे आधी विचारा. पूर्ण रेग्युलेटर बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मग सेन्सिंग लाइन कुठे जोडली आहे ते बघा. रेग्युलेटरच्या लगेच पुढे, पाइपच्या बेंडला, टी-जोडाला किंवा पाइपचा व्यास बदलतो तिथे ती जोडलेली असेल तर तिथला गॅस उसळत असतो आणि पायलटला दिसणारा दाब खरा नसतो. पाइपच्या व्यासाच्या आठ-दहा पट तरी सरळ अंतर सोडून, पाइपच्या वरच्या अंगाला टॅपिंग (नळी जोडायचं तोंड) हवं, म्हणजे त्यात पाणी आणि कचरा उतरत नाही. नळीला उतार पाइपाकडे. पायलटची, मॉनिटरची (पहिला चुकला तर आवरणारा राखणीचा रेग्युलेटर) आणि स्लॅम शटची टॅपिंग वेगवेगळी. एका टॅपिंगवर तिघांना लटकवलेली स्किड मी बघितली आहेत, आणि त्यांच्या ड्रॉइंगवर सही करणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

एवढं करूनही काटा हललाच तर पायलटचं रिस्ट्रिक्शन. बहुतेक मॉडेलमध्ये ते कमी-जास्त करता येतं. छिद्र मोठं केलं की लोडिंगचा दाब लवकर उतरतो आणि झडप चपळ मिटते, पण त्या बदल्यात पायलटचा पट (घसरणीच्या किती पट लोडिंग वाढतं तो, वरच्या उत्तरातला वीसपट) कमी होतो आणि दाब भारानुसार जरा जास्त घसरतो. लहान केलं तर उलट. काट्याकडे बघत थोडं थोडं फिरवायचं आणि प्रत्येक वेळी थांबून वाट बघायची. पायलटवाला रेग्युलेटर मुळातच स्प्रिंगवाल्यापेक्षा संथ असतो, त्याला लोडिंग भरायला-उतरवायला वेळ लागतो. म्हणून भट्टीच्या बर्नरच्या अगदी तोंडाशी तो बसवू नये. तिथे साधा स्प्रिंगवालाच बरा, आणि पायलटवाला मागे स्किडवर. मधला पाइप जितका लांब आणि जाड तितका धक्का सोसायला जागा.

स्किड गॅस कंपनीची असेल तर यातलं काहीही तुमच्या मुलांनी करायचं नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं. तुमची स्वतःची असली तरी पडलेला स्लॅम शट का पडला हे कळल्याशिवाय रीसेट करायचा नाही. ‘पडला, उचलला, पडला, उचलला’ हा खेळ तुमच्याकडेही चालत असणार, पत्राच्या सुरावरून वाटतंच.


प्रश्न : आम्ही बॉस्टनच्या उत्तरेला राहतो. २०१८ मध्ये इथून जवळच लॉरेन्स आणि अँडोव्हरमध्ये एका दुपारी घरंच्या घरं पेटली होती. रेग्युलेटर बिघडला म्हणून झालं असं ऐकलं. पुण्यात आईवडिलांकडे पाइपचा गॅस आलाय. तिथे असं होऊ शकतं का?
– एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : ‘रेग्युलेटर बिघडला’ एवढं तुमच्या बातमीत चुकलेलं आहे. रेग्युलेटर ठणठणीत होते, त्यांनी बघितलेला दाब खोटा होता.

१३ सप्टेंबर २०१८. मेरिमॅक खोऱ्यात कोलंबिया गॅस ही कंपनी रस्त्याखालची जुनी बिडाची वाहिनी बंद करून प्लॅस्टिकची टाकत होती. त्या भागाला गॅस देणाऱ्या विन्थ्रॉप अव्हेन्यूवरच्या स्टेशनात रेग्युलेटरची सेन्सिंग लाइन जुन्या बिडाच्या वाहिनीलाच जोडलेली होती. नवी वाहिनी चालू झाली, जुनी तोडली, सेन्सिंग लाइन मात्र जुन्यावरच राहिली. कामाच्या आराखड्यात ती हलवायची नोंदच नव्हती. गॅस तोडलेल्या वाहिनीतला दाब हळूहळू उतरत गेला. रेग्युलेटरला वाटलं, दाब पडतोय. तो उघडत गेला, पार शेवटपर्यंत. मागच्या बाजूला सुमारे ५ बार होते, पुढच्या जाळ्याला चालणारा दाब सुमारे ३५ मिलीबार.

त्यावर राखण करायला दुसरा रेग्युलेटर, मॉनिटर, होता. पहिला चुकला तर त्यानं आवरायचं. पण त्याचीही सेन्सिंग लाइन त्याच मेलेल्या वाहिनीवर. दोघांनाही तेच खोटं दिसत होतं. चाकणच्या वाचकांना वेगवेगळी टॅपिंग हवीत असं वर बजावलं त्यामागे हाच अनुभव आहे, आणि टॅपिंग वेगळी असली तरी ती चालू वाहिनीवरच आहेत ना हेही बघायला हवं.

१८ वर्षांचा एक मुलगा गेला, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालानुसार २२ जण जखमी झाले. नुकसान झालेल्या इमारती १३१. कंपनीनं पुढे २०२० मध्ये गुन्हा कबूल केला आणि ५ कोटी ३० लाख डॉलरचा दंड भरला. गॅसच्या कामाच्या आराखड्यावर परवानाधारक इंजिनिअरची मोहर हवी, असा कायदाही मॅसॅच्युसेट्सनं केला. तोवर या कामाला ती सूट होती.

आता पुण्याचं. तिथल्या लॉरेन्समध्ये रस्त्याखालच्या वाहिनीतूनच शेगडीला चालेल इतक्या कमी दाबाचा गॅस फिरत होता, त्यामुळे घराला स्वतःचा रेग्युलेटर नव्हता. वाहिनीत आलेला दाब सरळ शेगडीत कायम पेटत्या असलेल्या बारीक ज्योतीपर्यंत गेला. आपल्या शहरांत गल्लीत ४ बार असतात, त्यामुळे इमारतीला एक आणि घराला एक असा रेग्युलेटर बसवावाच लागतो. इमारतीच्या पेटीतल्या रेग्युलेटरला दाब मर्यादेबाहेर चढला की बंद होणारा शट-ऑफही असतो. डीआरएसमध्ये चालू रेग्युलेटर, मॉनिटर आणि स्लॅम शट अशी रांग असते. उदाहरणार्थ चालू ४ ला, मॉनिटर ४.३ ला आणि स्लॅम शट त्याहून वर. म्हणजे एकाच चुकीनं लॉरेन्ससारखं सगळं गाव एकदम पेटावं अशी रचना इथे नाही.

पण वाहिनी बदलताना सेन्सिंग लाइन विसरणं ही चूक जगात कुठेही होऊ शकते. त्याला एकच उपाय मला माहीत आहे : काम सुरू होण्याआधी स्टेशनात जाऊन प्रत्येक बारीक नळी हातानं चाचपत तिच्या टोकापर्यंत जायचं, आणि जुन्या वाहिनीचा गॅस तोडताना स्टेशनातल्या गेजसमोर एक माणूस उभा करायचा, ज्याला व्हॉल्व्ह मिटवायचा अधिकार आहे. नुसता बघणारा नको. आईवडिलांना सांगायचं ते वेगळं आहे. गॅसला मुद्दाम मिसळलेला तिखट वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, खिडक्या उघडा, मीटरजवळचा व्हॉल्व्ह पाइपला आडवा करून बंद करा आणि बाहेर जाऊन फोन करा.


प्रश्न : सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला तेव्हापासून ज्योत बारीक वाटते. मीटरपाशी जो रेग्युलेटर आहे त्याचा स्क्रू थोडा आवळला तर दाब वाढेल असं एका प्लंबरनं सांगितलं. तोही पायलटवाला असतो का?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, नाही. इमारतीच्या पेटीतला आणि तुमच्या मीटरपाशी असलेला, दोन्ही साधे स्प्रिंगवाले. आणि त्या प्लंबरला नळापुरतंच ठेवा. त्या स्क्रूवर सील असतं आणि तो कंपनीच्या माणसानं गेज लावूनच फिरवायचा असतो.

सिलिंडरच्या गॅसचा दाब साधारण ३० मिलीबार, पाइपच्या गॅसचा २१. शिवाय सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसच्या दुपटीहून जास्त उष्णता असते. म्हणून जोडणी बदलताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे बसवतात. चारपैकी एकाच बर्नरची ज्योत बारीक असेल तर त्याचा जेट बदलायचा राहिलाय किंवा तुंबलाय. चारही बारीक असतील तर कंपनीला फोन करून मीटरपाशी दाब मोजून घ्या, हे काम त्यांचंच आहे. आणि बर्नर धुतल्यावर त्याची भोकं पूर्ण वाळल्याशिवाय शेगडीवर ठेवू नका; निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं आमची मुलं गमतीनं म्हणायची.